बुडावरची सहा अक्षरं

संग्रहालयात येणारे लोक भांडं समोरून बघतात. माझं काम ते पालथं केल्यावर सुरू होतं. मी नोंदणी विभागात आहे आणि संग्रहातल्या प्रत्येक वस्तूवर तिचा नोंदक्रमांक लिहिणं ही माझी जबाबदारी आहे. चिनी भांडी माझ्या वाट्याला आली ती अक्षरामुळे. उपयोजित कला शिकताना अक्षरलेखन हा माझा विषय होता. त्यामुळे बुडाच्या गोल कडेच्या आत, बोटभर जागेत, दोन मिलिमीटर उंचीचे आकडे लिहायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. आधी पॅरालॉइड या राळेचा पारदर्शक थर द्यायचा, तो वाळला की त्यावर शाईने आकडे लिहायचे, वरून पुन्हा एक थर. पुढेमागे क्रमांक बदलायची वेळ आली तर ॲसिटोनच्या बोळ्याने सगळं निघून येतं आणि भांड्याला धक्का लागत नाही.

जिथे मी लिहिते तिथे बऱ्याचदा कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. झिलईखाली, निळ्या रंगात, दुहेरी वर्तुळाच्या आत सहा अक्षरं. पाहुण्यांना तो छाप वाटतो. भिंग लावलं की कुंचल्याची टोकं दिसतात. आमच्या नोंदवहीत त्यासाठी ठरलेली एक ओळ असते: 'बुडावर सहा अक्षरी मजकूर, दुहेरी वर्तुळात.' ती ओळ मी कितीदा लिहिली असेन, आणि दर वेळी ती मला अपुरी वाटली. अक्षर शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अक्षरात हात दिसतो. कुंचला कुठे टेकला, दाब कुठे वाढला, रेघ कुठे दमली, हे कळतं. त्या सहा अक्षरांत मला हात दिसत होता, पण तो ओळखण्याइतकं माझ्याजवळ काही नव्हतं. म्हणून मी रजा काढून, साठवलेले पैसे घेऊन जिंगदेझेनला गेले आणि बुडावरची अक्षरं लिहिणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली बसले. त्यानंतरही जमेल तशी जात राहिले.

त्या सहा अक्षरांचा अर्थ साधा आहे. 'दा मिंग चेंगहुआ न्येन झी' म्हणजे 'महान मिंग घराण्याच्या चेंगहुआ कारकिर्दीत घडवलेलं'. मिंग आणि छिंग काळात प्रत्येक सम्राटाच्या कारकिर्दीला एक शुभ नाव असे. चेंगहुआ हे १४६५ ते १४८७ या काळाचं. मजकूर उजवीकडून सुरू होतो आणि वरून खाली जातो, तीन अक्षरं उजव्या ओळीत, तीन डाव्या. त्यामुळे कारकिर्दीचं दोन अक्षरी नाव मधोमध तुटतं. पहिलं अक्षर उजव्या ओळीच्या तळाशी राहतं आणि दुसरं डाव्या ओळीच्या माथ्यावर जातं. खुद्द सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव असूनही मांडणीच्या तोलासाठी ते असं दुभंगलेलं चालत होतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जिंगदेझेन हे ज्यांगशी प्रांतातलं, छांग नदीकाठचं गाव. १००४ साली सोंग घराण्याच्या सम्राटाने आपल्या चालू कारकिर्दीचं 'जिंगदे' हे नाव या गावाला दिलं. चिनी भांड्यांना लागणारी दोन्ही द्रव्यं इथल्या डोंगरांत मिळत. एक पांढरी माती, जी जवळच्या गाओलिंग गावावरून जगभर 'केओलिन' म्हणून ओळखली जाते. दुसरा एक दगड, जो कुटून, पाण्यात निवळून छोट्या पांढऱ्या विटांच्या रूपात विकला जाई. मिंग आणि छिंग सम्राटांचा शाही कारखाना याच गावात, चूशान टेकडीपाशी होता. आता तिथे जवळच विटांच्या लांबट कमानींचं शाही भट्टी संग्रहालय उभं आहे. वास्तुकार चू पेई यांनी ते बांधलं.

गावात पहिल्या दिवशी नजरेत भरतात त्या हातगाड्या. लांब फळ्यांवर कच्ची भांडी ओळीने मांडलेली आणि माणूस ती गर्दीतून अलगद ढकलत नेतोय. हे असं चालतं, कारण भांडं एका छपराखाली पुरं होत नाही. चाकावर घडवणारा वेगळा, वाळल्यावर सुरीने तासून पातळ करणारा वेगळा. निळ्या रेघा काढणारे हात वेगळे, त्या रेघांमध्ये पातळ निळा रंग सोडणारे वेगळे. झिलईवाला वेगळा आणि भट्टी लावणारा वेगळा. सोंग यिंगशिंग याने १६३७ सालच्या आपल्या ग्रंथात एका पेल्याला ७२ हात लागतात असं लिहून ठेवलं आहे. १७१२ साली द आंत्रकोल या फ्रेंच पाद्र्यानेही पत्रात कळवलं की एक भांडं सत्तर कामगारांच्या हातांतून जातं असं त्याने इथे ऐकलं.

कलाशाळेत आम्हाला शिकवलं होतं की आपलं काम आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावं आणि खाली सही करावी. जिंगदेझेनमध्ये त्या शिकवणीला दुसरी बाजू आहे हे मला पटलं. थांग यिंग हा अधिकारी १७२८ साली शाही भट्टीच्या देखरेखीवर आला. तो कामगारांच्यात राहिला, जेवला, काम शिकला, आणि १७४३ साली सम्राटाच्या हुकमावरून या कामाच्या वीस चित्रांना त्याने टिपणं लिहिली. त्यात तो सांगतो की रेघा काढणाऱ्याने रेघाच शिकाव्यात, रंग भरणाऱ्याने रंगच. त्याने हात तयार होतो आणि मन फाटत नाही. काठाचे निळे पट्टे ओढणं चाकावर तासणाऱ्यांकडे, आणि बुडावरचा मजकूर लिहिणं हे फक्त मजकूर लिहिणाऱ्यांकडे. म्हणजे अक्षरासाठी स्वतंत्र कारागीर होता, आणि चित्रकाराला त्यात हात घालायची मुभा नव्हती. माझ्यासारखीला याहून मोठा दिलासा कोणता?

त्याच टिपणांतली आणखी एक गोष्ट मला तिथे बसल्यावर नीट कळली. चाकावर भांडं घडवताना बुडाखाली मातीचा दोन-तीन इंच लांब दांडा ठेवत. चित्र काढताना, झिलई देताना भांडं त्या दांड्याला धरून फिरवायचं. हे सगळं उरकलं की दांडा कापून टाकायचा, बूड कोरून कड मोकळी करायची आणि मग अक्षरं लिहायची. भट्टीत जाण्याआधीची ही जवळजवळ शेवटची पायरी. इतक्या जणांची मेहनत त्या कच्च्या, न भाजलेल्या भांड्यात जमा झालेली असते आणि ते पालथं होऊन लिहिणाऱ्याच्या पुढ्यात येतं. तिथे हात चळला तर बिघडतं ते सगळ्यांचं काम.

आमच्या शिफू, म्हणजे गुरू, हे काम तरुणपणापासून करत आल्या होत्या. जुन्या शिल्पकला कारखान्याच्या आवाराजवळ त्यांची एक खोली होती. बाक, हाताने फिरवायचं छोटं चाक, तीन-चार कुंचले, रंगाची वाटी आणि दाराशी फळ्यांवर वाट बघणारी भांडी. दुभाषी म्हणून एक विद्यार्थिनी येत असे, पण बहुतेक शिकवणं बोलण्याविनाच चाले. कोबाल्टचा निळा रंग भाजण्याआधी राखट काळा दिसतो. तो जड असतो आणि तळाशी बसतो, म्हणून दर बुडीला ढवळावा लागतो. तिथले बरेच जण तो चहाच्या पाण्यात कालवतात. शिफूही तसंच करत.

आधी वर्तुळं. कुंचला जागच्या जागी धरायचा आणि चाक फिरवायचं. रेघेची दोन टोकं जिथे मिळतात तिथे जाडी वाढता कामा नये. मग अक्षरं. कच्ची माती पाणी पिते. कुंचला टेकला की ओल तत्काळ शोषली जाते, त्यामुळे थांबून विचार करायला जागाच नाही. कागदावर रेघ रेंगाळली तर शाई पसरते; इथे रेघ रेंगाळली तर तिथेच गाठ बसते आणि भाजल्यावर काळपट निळा ठिपका होऊन कायम राहते. हात टेकायचीही सोय नाही, कारण बुडाची कड नखाच्या धक्क्यानेही तुटते. भांड्याच्या दोन्ही बाजूंना आधार देऊन वर लाकडी पट्टी आडवी टाकतात आणि मनगट त्या पट्टीवर ठेवतात. कड उंच असल्याने कुंचला उभाच धरावा लागतो. बोरूला तिरका कोन देऊन जाड-बारीक रेघ काढायची माझ्या हाताची सवय तिथे उपयोगाची नव्हती. इथे जाड-बारीक होतं ते फक्त दाबाने.

शिफूंनी मला पुष्कळ काळ एकच अक्षर गिरवायला लावलं, 'दा'. तीन रेघांचं अक्षर: एक आडवी, तिच्यातून डावीकडे उतरणारी एक आणि उजवीकडे जाणारी एक. आणि त्याच सहा जणांच्या पंक्तीत शेवटचं 'झी' आहे चौदा रेघांचं. तीन रेघांच्या अक्षराने चौदा रेघांच्या अक्षराएवढीच जागा भारदस्तपणे भरली पाहिजे, यात सगळी कसोटी. आपली देवनागरी शिरोरेघेला लटकते. रेघ सरळ असली की अक्षरं आपोआप एका ओळीत दिसतात, निम्मा तोल रेघच सांभाळते. चिनी अक्षराला असा आधार नाही. प्रत्येक अक्षर एका न दिसणाऱ्या चौकोनात उभं असतं आणि आपला तोल आपल्या पोटात सांभाळतं. हे समजायला मला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ हाताला लागला.

पण शिफूंकडून मिळालेली खरी शिदोरी वेगळीच होती. आमच्या भांडारातल्या बुडांचे मोठे केलेले फोटो मी सोबत नेले होते. त्यांनी ते एकेक करून पाहिले आणि बोट ठेवून सांगत गेल्या: इथे कुंचला बुडवलाय, इथे पुन्हा बुडवलाय, ही तीन अक्षरं एका बुडीत लिहिली आहेत. गडद निळ्यातून फिकं होत जाणारं आणि पुन्हा गडद होणारं अक्षर त्या वाचत होत्या. एका हाताने लिहिलेल्या अक्षरांत बुडीची जागा ठरलेली असते, असं त्यांचं म्हणणं. हाताला सवय लागते आणि ती बदलत नाही. तेव्हापासून माझ्या नोंदीत बुडी कुठे कुठे आहे हेही लिहिलेलं असतं.

पुस्तकं या अक्षरांची ओळख कारकिर्दीनुसार करून देतात, आणि ती उपयोगी आहेतच. १४२६ ते १४३५ या श्वानदे काळातलं अक्षर ताठ आणि सुशिक्षित आहे. ते शेन दू या दरबारी सुलेखनकाराच्या वळणाचं असल्याचं मानतात. त्या काळी मजकूर फक्त बुडावर नसे. काठाखाली, खांद्यावर, गळ्यावर, कुठेही असे. या कारकिर्दीच्या नावातलं 'दे' हे अक्षर त्या भांड्यांवर जवळपास नेहमी एक आडवी रेघ गाळून लिहिलेलं आढळतं. 'हृदय' या भागाच्या वर असायला हवी ती रेघ. ती चूक नव्हे, त्या काळची लिहिण्याची पद्धत. पुढच्या काळातल्या एखाद्या हुशार नकलाकाराने ती रेघ भरून अक्षर 'शुद्ध' केलं, की शंका घ्यायला जागा होते.

चेंगहुआचं अक्षर त्याच्या अगदी उलट, गुबगुबीत, थोडं बालिश, रेघा मऊ. काही जण तर ते सम्राटाच्या लहानपणीच्या हस्ताक्षरावरून घेतलं असं सांगतात. मला ते अक्षर सगळ्यांत जास्त आवडतं. त्यात कुठेही छाप पाडायची धडपड नाही. आणि नक्कल करायला सगळ्यांत अवघडही तेच, कारण तयार हाताला मुद्दाम भोळं लिहिता येत नाही. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातले जाणकार सुन यिंगचौ यांनी ते ओळखण्यासाठी सहा ओळींचं पद्यच रचलं. कुठली रेघ कुठल्या रेघेच्या पुढे जात नाही, कुठलं टोक गोल, कुठलं अणकुचीदार, असं अक्षरागणिक त्यात आहे. ते आधी पुराणवस्तूंचे व्यापारी होते आणि १९५६ साली त्यांनी आपला संग्रह त्या संग्रहालयाला दिला. याच काळातला कोंबडा-कोंबडीचं चित्र असलेला, तळहातावर मावणारा एक पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. त्या बातमीत सगळ्यांनी किंमत वाचली. मी बुडाचा फोटो शोधत बसले.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला संग्रहालयात सर्वांत जास्त विचारला जातो: 'बुडावर चेंगहुआ लिहिलंय, म्हणजे भांडं पंधराव्या शतकातलं ना?' बहुतेक वेळा नाही. आणि लगेच दुसरा प्रश्न येतो: 'म्हणजे बनावट?' तेही बहुतेक वेळा नाही. हे नीट सांगायला हवं, कारण इथेच चिनी कारागिरांवर अन्याय होतो. १६७७ साली, कांगशी सम्राटाच्या काळात, जिंगदेझेन ज्या परगण्यात मोडे त्या फुल्यांगचे दंडाधिकारी चांग छीचोंग यांनी भांड्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव लिहायला बंदी घातली. भांडं फुटणार, खापरं उकिरड्यावर जाणार, पायदळी येणार, आणि त्यांच्यासोबत ते नाव. बंदी आली तरी बूड रिकामं ठेवायची सवय हाताला नव्हती. खासगी भट्ट्यांनी मग तिथे पान काढलं, ससा काढला, शुभ वचन लिहिलं. काहींनी नुसतं दुहेरी वर्तुळ काढून आत काहीच लिहिलं नाही. आणि कित्येकांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगहुआचं नाव लिहिलं, कारण चांगल्या भांड्यांचा तो काळ सगळ्यांच्या मनात आदर्श होता. त्या नावामागे आदर होता. चिनी सुलेखनाची सगळी परंपराच जुन्या गुरूंची अक्षरं गिरवत गिरवत पुढे आलेली आहे. तिथे जुन्याच्या पावलावर पाऊल टाकणं म्हणजे चोरी नव्हे.

चोरी आहे ती वेगळी. गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी नवं भांडं जुनं म्हणून विकणं. ते तेव्हाही होत होतं आणि आजही होतं. दोन्हींतला फरक अक्षरावरून कळतोच असं नाही. म्हणून मी नोंद करताना अक्षर सगळ्यांत शेवटी वाचते. आधी बुडाची कड: माती किती बारीक, भाजल्यावर कड किती केशरी झालीय, तासणाऱ्याची सुरी कशी फिरली. मग झिलईचा पांढरा, तिच्यातले बुडबुडे, निळ्याची छटा. श्वानदे काळात बाहेरून आलेल्या, लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या कोबाल्टमुळे निळ्यात काळपट ठिपके जमतात. चेंगहुआचा देशी कोबाल्ट मवाळ असतो. हे सगळं एकमेकांशी जुळलं तर अक्षराची साक्ष धरायची.

आणि कधी कधी अक्षराची साक्षच सगळ्यांत भक्कम ठरते. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये 'डेव्हिड फुलदाण्या' म्हणून दोन उंच निळ्या-पांढऱ्या फुलदाण्या आहेत. त्यांच्या गळ्यावर लांबलचक मजकूर आहे: चांग वेनजिन नावाच्या भक्ताने त्या एका मंदिराला वाहिल्या, आणि तारीख १३५१ सालची. सम्राटाची आज्ञा नाही, शाही मोहोर नाही, एका भाविकाने आपल्या कुटुंबाच्या सुखासाठी लिहून घेतलेल्या त्या ओळी. त्या तारखेच्या आधाराने विसाव्या शतकात अभ्यासकांना मिंगच्या आधीच्या युआन काळातली निळी-पांढरी भांडी ओळखता आली. तोवर ती मिंग काळातली समजली जात. ज्या हाताने त्या ओळी लिहिल्या त्याचं नाव त्यात नाही.

आपल्याकडेही ही भांडी आलेली आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. गेलात तर त्या दालनातून घाईने पुढे जाऊ नका. आणि पारशी, गुजराती, गोव्याकडच्या आणि मुंबईतल्या जुन्या घरांत एखादी फुलदाणी, ताट, झाकणाची बरणी अजून असते. तशी तुमच्याकडे असेल तर हे करा. टेबलावर जाड सतरंजी किंवा घडी घातलेली चादर पसरा. झाकण आधी काढून बाजूला ठेवा. कान किंवा गळा धरून उचलू नका, दोन्ही हात पोटाखाली घाला. बूड वर करून उजेडात बघा आणि फोटो काढून ठेवा. तिथे साबण, घासणी, लिंबू काही लावू नका. कडेवरचा मळही आम्हाला काही सांगतो. नावाची चिठ्ठी चिकटपट्टीने डकवू नका. रोमन लिपीत 'चायना' असं लिहिलेलं दिसलं तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं आहे, कारण त्या वर्षीपासून अमेरिकेच्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. आणि बुडावर काहीच लिहिलेलं नसलं म्हणून ते हलकं समजून भंगारवाल्याला देऊ नका. परदेशी व्यापारासाठी बनलेल्या बहुतेक चिनी भांड्यांवर मजकूर लिहीतच नसत.